सामंत सर गप्प बसले तेव्हा

…नाही, पण मला सांगा, माणसानं बोलावं तरी किती? आणि बोलायचंच असेल तर क्रिकेटवर बोला, भाजीच्या भावावर बोला, आज टँकर आला की नाही यावर बोला, आमच्या जेसल पार्कात तेवढ्यावर अख्खा दिवस निघतो! पण आमच्या बिल्डिंगमधले हरिश्चंद्र सामंत, जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झालेले, त्यांना तुम्ही जिन्यात नुसतं "काय सर, पेन्शनमध्ये मॅनेज होतं ना?" एवढं विचारायची खोटी, की सर चष्मा वर सरकवणार, बोट उचलणार आणि म्हणणार, "मुळात…"

झालं! गॅसवर दूध ठेवून आला असाल तर ते गेलं समजा.

तुम्हाला सांगतो, या 'मुळात'पायी सरांच्या संपदाचं जमत आलेलं लग्न मोडलं. मुलगा कांदिवलीचा, कंपनीत मॅनेजर, पोहे खाता खाता सहज म्हणाला, माझ्या हाताखाली बरीच माणसं आहेत, सगळी मीच मॅनेज करतो. सरांनी बोट उचललं. मुळात मॅनेज म्हणजे घोडा हाताळणं, इटलीकडून आलेला शब्द, घोड्याला वळण लावायचं काम ते… आता सर किती कौतुकानं सांगत होते हो! पण मुलाच्या वडिलांना वाटलं, आपल्या पोराला घोड्यांचा मोतद्दार म्हटलं. पोहे अर्धे टाकून उठले. सरांना फार लागलं ते. पोरीचं लग्न आपल्या जिभेनं मोडलं म्हणून बिचारे कितीतरी दिवस गॅलरीत एकटे बसायचे, आणि संपदा काही बोलायची नाही, त्याचंच त्यांना जास्त वाईट वाटायचं.

आणि मग सरांच्या बायकोच्या, मृणालिनीबाईंच्या मावसबहिणीनं, मंदाताईंनी, इथून जवळच्याच हाटकेश भागातलं स्थळ आणलं. मुलगा अभिनव, स्वभावानं चांगला, संपदाला फोटोही आवडलेला. मृणालिनीबाईंनी नवऱ्याला समोर बसवलं आणि म्हणाल्या, "रविवारी ती माणसं जाईपर्यंत तुमच्या तोंडातून 'या' आणि 'बसा' सोडून तिसरा शब्द निघाला, तर मी मुलीला घेऊन दादरला भावाकडे जाईन."

सरांनी मान डोलावली. तेव्हापासूनच प्रॅक्टिस सुरू!

आता घरात खुर्च्या दोन आणि येणारी माणसं तीन, मंदाताई वेगळ्या. म्हणून तळमजल्यावरच्या अल्फान्सोकडून लाकडी बाक आणला, पाठीला टेकू असलेला, खाली पेटीसारखा, झाकण उघडून आत सामान ठेवता येतं असा. अल्फान्सो मूळचा उत्तनचा, म्हणाला, "न्या सर, पन जपून, आज्याचा हाय तो." मृणालिनीबाईंनी काय केलं असेल? घरातला सगळा पसारा त्या पेटीत कोंबला! रद्दी, चपला, अर्धवट वाळलेले कपडे, सगळं आत, वर चादर, चादरीवर पाहुणे.

पाहुणे आले. सर म्हणाले, "या." मग म्हणाले, "बसा." संपला कोटा.

आणि नशीब बघा, अभिनवच्या वडिलांना एकच शब्द लागायचा! थाटात सांगतायत, "आमचं कसं, सगळं सेटल. थोरला मस्कतला सेटल. गावच्या जमिनीची केस होती, ती सेटल. अभिनवची नोकरी सेटल. बिल्डिंगला जरा तडे गेलेत, पण बिल्डर म्हणतो, काका घाबरू नका, नवी आहे, सेटल होतेय!"

तुम्ही सरांचं तोंड बघायला हवं होतं. बोट वर यायचं, मृणालिनीबाई खोकायच्या, बोट खाली. पुन्हा 'सेटल', पुन्हा बोट, पुन्हा खोकला. शेवटी सरांनी तोंडात सुपारी कोंबली आणि हात मांडीखाली दाबून बसले. कपाळावर घाम! पण नाही बोलले. मानलं पाहिजे माणसाला, पोरीसाठी नाही बोलले.

तेवढ्यात अभिनवच्या आईनं प्रेमानं संपदाला विचारलं, "काय गं, नोकरी सांभाळून आमच्या घरात सेटल होशील ना?"

संपदानं मान खाली घातली. मृणालिनीबाईंची नजर सरांच्या बोटावर. आणि संपदानं मान वर केली, बोट उचललं आणि म्हणाली, "मुळात…"

अहो, मृणालिनीबाई खोकायच्यासुद्धा विसरल्या! पहारा नवऱ्यावर, आणि फुटली लेक! पोरगी सुटलीच. मुळात सेटल म्हणजे बसायची जागा, जुन्या इंग्रजीत. मग सेटल करणं म्हणजे बसवणं. मग पाखरू झाडावर सेटल झालं, पाण्यातला गाळ तळाला सेटल झाला, मग भांडण, मग बिलं, आणि शेवटी माणसं परदेशात. आपलंही तेच की, घडी बसते, जम बसतो, बस्तान बसतं… आणि अजूनही इंग्रजीत पाठीच्या लाकडी बाकाला सेटलच म्हणतात, म्हणजे तुम्ही आत्ता ज्याच्यावर बसलाय ना, तो सेटल! "जरा उठता का? दाखवते."

मुलाकडच्यांना उठवलं! ऐकलंय कधी? आणि उठवून थांबली असती तर, पण नाही, तिनं चादर ओढली आणि आतली पेटी दाखवायला झाकण उघडलं. ओले टॉवेल, चपला, सरांचा फाटका बनियन, सगळं दर्शन झालं. मृणालिनीबाईंनी डोळेच मिटून घेतले. आणि सर? सर सुपारी चघळत लेकीकडे बघत होते, डोळ्यांत पाणी. एवढी वर्षं आपलं कुणी ऐकत नाही असं वाटायचं त्या माणसाला.

अभिनव मात्र हसत सुटला. म्हणाला, आमच्याकडे हे सगळं पलंगाखाली असतं. त्याची आई पण हसली. चहा झाला, माणसं गेली.

दोन दिवसांनी मंदाताई निरोप घेऊन आल्या, पण चेहरा पडलेला. मुलगी पसंत, फार पसंत, अशी मोकळी मुलगी आम्हाला हवीच होती. पण मुलीचे वडील फार शिष्ट दिसतात. दोन शब्द बोलले, मग तोंड उघडलं नाही. आमचं बोलणं आवडलं नाही का त्यांना? अशा घुम्या माणसाशी जन्माचे संबंध कसे जोडायचे?

आता बोला! जन्मात एकदा माणूस गप्प बसला, तर घुमा ठरला!

मृणालिनीबाईंनी स्वतः सरांचा शर्ट इस्त्री केला. म्हणाल्या, "जा हाटकेशला. बोला त्यांच्याशी."

सर दबकत म्हणाले, "किती बोलू?"

"मनसोक्त."

सर सकाळी गेले. जेवायची वेळ झाली, सर नाहीत. दुपारचा चहा झाला, सर नाहीत. दिवेलागणीला स्कूटरवरून अभिनव आला, धापा टाकत, केस विस्कटलेले. म्हणाला, "काकू, बाबांनी सांगितलंय, लग्न पक्कं. तुम्ही म्हणाल ती तारीख, तुम्ही म्हणाल तो हॉल. फक्त काकांना घेऊन जा."

मृणालिनीबाईंनी गॅलरीत खुर्ची ओढली, निवांत टेकल्या आणि म्हणाल्या, "आज राहू देत तिकडेच. तुम्हालाही सवय व्हायला हवी."