विहिणीचा मान

रमा : पोट्टीचा फोन येईलच आता. काय सांगायचं ते ठरवा.

नीलकंठ : ठरवायचं काय त्यात? म्हणतो, घ्या आमचं नाव.

रमा : तेवढंच? इरावतीच्या सासूनं काय विचारलं, ते ऐकलं ना तुम्ही? इरा राहते तिकडचं सरकार तिचा सत्कार करून राहिलं, तिले भाषण द्यायचं आहे. म्हणते, 'तुमच्या रीतीत वराच्या आईनं लग्नाला येणं चालत नाही, मग मी स्टेजवरून व्याह्यांचं नाव घेतलेलं चालेल का?'

नीलकंठ : ऐकलं.

रमा : ही रीत कोणाची वो? आपल्या थोरल्या पोरीच्या, रूपालीच्या लग्नात विहिणीचे पाय मी स्वतः दुधानं धुतले.

नीलकंठ : इराच्या लग्नाले चार वर्षं झाली रमा. काहून उकरून काढतेस?

रमा : मी नाही काढलं. तिनंच काढलं बिचारीनं, तेही परवानगी मागायले.

नीलकंठ : तेव्हा तोंडात आलं ते बोलून गेलो. तेलीबांध्याचा हॉल, चारशे माणूस, माझं अख्खं रेल्वेचं ऑफिस. ऑफिसातला तो शालिग्राम विचारणारच होता, विहीणबाई काय करतात? काय सांगू त्याले? मेक्सिकोहून तिकडं गेल्या, आधी मळ्यात कांदे काढत होत्या, आता शाळेत सैपाक करतात?

रमा : मग काय सांगितलं?

नीलकंठ : शिक्षण खात्यात आहेत.

रमा : वा! आणि मी तिच्या मानाची कोशाची रेशमी साडी घेतली होती, ती अजून कपाटात आहे. दर दिवाळीले घडी बदलून ठेवते. कोणाले देऊ वाटत नाही.

(फोन वाजतो.)

इरावती : आई, बाबा, दोघं आहात ना? भाषणातल्या नावांची लिस्ट आजच पाठवायची आहे.

रमा : आहो बाई. सत्कार कशाचा, ते जरा नीट सांग यांना.

इरावती : अगं, इकडे हिस्पॅनिक वारसा महिना असतो. स्पॅनिश बोलणाऱ्या घरांनी राज्यासाठी जे केलं, त्याचा मान म्हणून गव्हर्नर काही नावं जाहीर करतात. यंदा त्यात एलेनाआई आहेत. बावीस वर्षं त्यांनी सुट्टीतही शाळेचं किचन बंद होऊ दिलं नाही. शेतमजुरांची पोरं उपाशी राहायची ना. सगळं वाचून दाखवणार आहेत, कांद्याच्या मळ्यापासून.

नीलकंठ : मळ्याचंही वाचणार?

इरावती : पहिलीच ओळ ती आहे बाबा. त्यांनीच लिहायला लावली. तर मग, तुमचं नाव घेतलेलं चालेल ना?

नीलकंठ : इरा, थांब. तशी रीत नाही आपल्यात. कधीच नव्हती. मी खोटं बोललो त्यांच्याशी. मले त्यांच्या कामाची लाज वाटली.

इरावती : माहीत आहे.

रमा : काय माहीत आहे?

इरावती : तेव्हापासूनच माहीत आहे आई. त्यांनी मलाही विचारलं होतं, खरंच अशी रीत असते का? मी हो म्हटलं. बाबांची इज्जत जाऊ नये म्हणून. त्यांनी लग्नासाठी निळा ड्रेस शिवून ठेवला होता. मीच घडी करून पेटीत ठेवला.

नीलकंठ : माझ्यापायी तूही खोटं बोललीस पोरी.

इरावती : बाबा, फोन स्पीकरवर आहे. त्या बाजूलाच बसल्या आहेत.

नीलकंठ : अरे देवा! समजलं का त्यांना?

इरावती : मराठी कुठं येते त्यांना? पण विचारून राहिल्या आहेत, बाबा काहून रडतात? सर्दी झाली म्हणून सांगू?

नीलकंठ : नाही. जे बोललो तेच सांग. पूर्ण सांग.

इरावती : मग माझंही सांगावं लागेल.

नीलकंठ : सांग. मी फोन ठेवत नाही.