पोत्यावरचं वजन

हॅलो? …हां, अफताब, बोल बाळा. …हो, सांगलीहून आलो परत रहिमतपुरात. …हो, तसेच. दाणे न बसवता.

अरे, ओरडतोस कशाला? कान शाबूत आहेत माझे. …माहीत आहे, तुझ्या लेकीनंच थांबवलं. समोरच होते की मी! …मग? अब्बांच्या कॅन्सरच्या गाठीत कायमचे बसवायचे ते, तांदळाएवढे किरणांचे दाणे. मिस्बाहचं तिथं कामच किरणांचा जोर मोजायचं; तिनं त्या मोजायच्या भांड्यात… हो, ती विहीर म्हणते तेच… त्यात एक सोडून बघितला. विहिरीचा आकडा एक, कंपनीच्या डबीवरचा दुसरा. आणि विहिरीच्या तपासणीची मुदत कधीच संपलेली. मग खरं कोण? …आता ती विहीर मुंबईला तपासून, शिक्का घेऊन येईल, मगच.

…डबीवरचा धरायचा? अरे, तुझे नाना किराणावाले! पोत्यावर शंभर किलो लिहिलेलं असायचं. आपल्या काट्यावर चढवल्याशिवाय उसवलं कधी? …ऐक ना! काट्याची मुदत संपली म्हणून ईदच्या तोंडावर दुकान बंद ठेवलेलं त्यांनी. अम्मी लय भांडली. शेवटी आमच्याच खुर्म्याची साखर समोरच्या अमृतशेठकडून आणली!

…ती साखर होती, हे अब्बा आहेत? अरे, म्हणूनच तर! जोर जास्त निघाला तर चांगली लघवीची पिशवी भाजेल. कमी निघाला तर गाठ तशीच बसेल हसत.

…विचारलं डॉक्टरांना. आठ-पंधरा दिवसांनी यांचं काही बिघडत नाही म्हणाले. …दाण्यांचा जोर उतरेल? उतरू दे. नवे मागवतील.

काय? …मिस्बाहची नोकरी? कोण म्हणालं? …तिच्या दवाखान्यातल्या साहेबांनी तुला फोन केला? तुला?

…अच्छा. म्हणजे तिनं ऐकलं नाही, म्हणून बापाला धरलं. आणि बापानं आजीला.

नाही. …नाही सांगणार. …अरे, काढू देत नोकरीवरून! माझ्या ताटात भाकरी आहे तिच्यापुरती. पण माझ्या तोंडून 'डबीच्या आकड्यावर सही कर' निघणार नाही. …हट्टी? हो, आहे. नानांची लेक आहे मी.

…अब्बांना विचारू? थांब. …अहो! अफताब विचारतोय, त्या डबीवर विश्वास ठेवून बसवून घेता का उद्या? …काय? …हसताय काय, नीट सांगा!

ऐकलंस, अफताब? …नाही? ते म्हणतात, सासऱ्यांचा जावई आहे मी. काटा येईपर्यंत हे पोतं उसवायचं नाही.

…हां. ठेव आता. मध्येच मिस्बाहचा फोन येतोय.