तबकडीची मागची बाजू

नाशिकच्या जुन्या स्टँडवर दिंडोरीच्या गाडीसाठी रांग होती. तृप्तीच्या पुढं दोन म्हाताऱ्या उभ्या होत्या, एकमेकींना अनोळखी. हिरव्या लुगड्यातली मघापासून गुणगुणत होती. ती थांबली तशी चष्मेवाली वळली.

"फोनोवरचं गाणं ना हे? भाऊ बहिणीला न्यायला निघतो ते?"

"तेच. सासऱ्यांनी तबकड्या वाजवायचा फोनो आणला व्हता. ऐकून ऐकून सगळ्या गावाला पाठ झालं. आमच्याकडं अजून हळदीला हेच म्हणत्यात."

"आमच्याकडंबी. पण तुम्ही नदीपाशी का थांबलात?"

"तिथंच संपतंय की. नदीला पूर येतो, भाऊ अलीकडंच राहतो. सगळं गाव तिथंच थांबतं."

"संपत नाय, बाई. गाणं लांब, एका बाजूला मावंना, म्हणून तबकडीच्या दोन्ही बाजूंना भरलेलं. उलटून लावायची. मागच्या बाजूला तो नदी उतरतो, बहिणीला माहेरी नेतो."

"नेतो?"

"मग! तुम्ही कधी उलटलीच नाय?"

"उलटली व्हती. नुसती खरखर. खिळ्यानं ओरखडल्यावानी रेघाच रेघा."

"पोरांचे उद्योग, दुसरं काय."

"पोरं कुठली? मी नवी नवरी. घरात सासू-सासरे, नवरा अन् मी. सासरे तर तबकडी फडक्यानं पुसून ठेवायचे."

"मग ओरखडली कुणी?"

"माझा भाऊ पंचमीला न्यायला यायचा. सासू त्याला ओट्यावरच चहा देऊन एकट्यालाच परत लावायची."

"बाई, गाडी लागली. चला."

"जाऊ द्या ती. पुढलं म्हणा."