पुलावरचा होकार

मुख्याध्यापक साहेब, सरपंच, समोर बसलेल्या माने काकू, आणि शेतातली कामं टाकून आलेले तुम्ही सगळे. मला बोला म्हणाले तेव्हा मी नकोच म्हणाले होते. वर्गात दिवसभर माझं तोंड बंद नसतं, पण इथं तसं जमणार नाही. थांबत थांबत बोलते. सांभाळून घ्या.

माने सरांचं गणित, त्यांचा राग, त्यांनी घडवलेली पोरं, सगळं तुम्ही बोललात. मी फक्त त्यांच्या सायकलीबद्दल बोलणार आहे. कारण शेवटच्या दिवशी रस्त्यावर त्यांच्या पुढं मी होते.

तुम्ही हसायचात त्या सायकलीला. तिचं फ्रीव्हील गेलं, बाजारात नवं मिळेना, म्हणून वेल्डिंगवाल्यानं ते जाम करून दिलं. म्हणाला, "चार दिस चालवा, मग बघू." सरांनी ती चार दिवस चालवली आणि पुन्हा बदलूच दिली नाही. चाक फिरतंय तोवर पायंडल फिरणार. पायाला सुट्टी नाही. उतारावर जरा पाय थांबवून निवांत बसायला गेलात, की सायकल उचलून फेकणार. कुणीतरी विचारलं होतं, "सर, तुम्ही सायकल चालवताय का सायकल तुम्हाला?" सर म्हणाले, "दोघंबी एकमेकाला झोपू देत न्हाय."

आणि मी? मी लातूरची. एसटी मला फाट्यावर सोडायची. तिथून माकणीच्या शाळेपर्यंत यायला कुणाची तरी गाडी मिळेपर्यंत उभी राहायची. कुणाच्या मागं बसून आले की दुसऱ्या दिवशी गावभर चर्चा. हो, केलीत की तुमच्यातल्याच काहींनी. आज बोलून टाकते.

एक दिवस सर फाट्यावर थांबले. "बाई, सायकल येती का?"

"नाही हो सर."

"लई बेस. मग हीच शिका. तुमास्नी पाय सोडून बसायची खोड लागलेली न्हाय."

सरांची लेक सासरी गेल्यापासून तिची सायकल घरात पडून होती. ती त्यांनी तशीच जाम करून आणली. ह्या वयात मी सायकल शिकले, तीही असली! पडले. गुडघे फोडून घेतले. पहिल्यांदा थांबायचं म्हणून पाय थांबवले, तर सायकलनं मला सरळ बाभळीच्या काट्यांत नेलं. सर हसत हसत काटे काढत होते आणि ओरडतही होते. "थांबायचंय तर पायानं चाक अडवा. हळूहळू. ते तुमचं ऐकतंय, तुमी त्याचं ऐका."

त्यांचा एकच नियम होता. मागं वळून बघायचं नाही. मान वळली की हँडल वळतं, पाय चुकतो, आणि त्या सायकलीवर पाय चुकणं परवडत नाही. बरं, दुसऱ्या सायकली मागून येताना टिकटिक करतात, तशी ह्या सायकलीची टिकटिक नाही. सर मागं आहेत का नाहीत, कळायचंच नाही. म्हणून मी पुढं बघूनच विचारायची, "सर, आहात का?"

मागून यायचं, "हाय, हाय. म्होरं बघा."

रोज. जाताना, येताना. कंटाळा नाही, चिडणं नाही. मला चांगली चालवता यायला लागल्यावरसुद्धा ते मागंच राहिले आणि मी विचारतच राहिले. मला ते ऐकायची सवय झाली होती. खरं सांगते, मला ते ऐकायला आवडायचं.

त्या दिवशी सकाळी फाट्यावर चहा घेतला आणि निघालो. तुम्हाला रस्ता माहीत आहे. मोठ्या बाभळीपासून उतार लागतो. उताराच्या तळाला कालव्याचा पूल. पुलावर मी विचारलं, "सर, आहात का?"

"हाय."

एवढंच. म्होरं बघा म्हणाले नाहीत. शाळेच्या फाटकात उतरले, मागं वळले. रस्ता मोकळा होता.

भिवाजी, तुम्ही मेंढरं घेऊन त्या वाटेनं येत होता. तुम्हाला सर बाभळीखाली दिसले. बुंध्याला टेकून बसलेले. सायकल नीट स्टँडवर लावलेली. डॉक्टर म्हणाले, छातीत कळ आली असणार, बसल्या जागीच गेले.

मंडळी, बाभूळ उताराच्या वर आहे. पूल खाली आहे. मग पुलावर मला होकार कुणी दिला?

सगळे म्हणतात, भास. वारा असेल. सवयीनं कानात वाजलं असेल. असेलही. पण मला वाऱ्याचा आवाज माहीत आहे आणि सरांचाही माहीत आहे.

सरणाला अग्नी दिला तेव्हा मी तिथं होते. बायकांनी येऊ नये म्हणत होते, मी आले. परत फिरताना कुणीतरी म्हणालं, "बाई, मागं वळून बघू नका." किती वेळा ऐकलं होतं मी ते!

त्या दिवसापासून मी सायकलीला हात लावलेला नाही. फाट्यावरून चालत येते. पुलाजवळ आले की मी पळत सुटते. एकच प्रश्न मला खात होता. सरांनी मला हाक का मारली नाही?

मी काकूंना तेच विचारलं. काकू म्हणाल्या, "हाक मारली असती तर तुमी वळला असता. उतारावर." सर आपल्या छातीतली कळ धरून उतरले, स्टँड लावला, आणि मला उतारावरून खाली जाऊ दिलं. चकार शब्द न काढता.

रोज संध्याकाळी परतताना मी काकूंकडं डोकावते, आणि त्या विचारतात. "त्या दिशी पुलावर काय म्हनले?" मी सांगते, हाय म्हणाले. काकू मान डोलावतात. "मग हायत."

मी काकूंशी वाद घालणार नाही. तुम्हीही घालू नका.

उद्या मी सायकल बाहेर काढणार आहे. मला भीती वाटते, लपवत नाही. पुलावर होकार आला तरी भीती, नाही आला तरी भीती. पण मी विचारणार. आणि मागं बघणार नाही.

आता आपण शांत उभे राहू. एकच विनंती आहे. तुमच्या पाठीमागं शाळेचं दार उघडं आहे. काहीही वाटलं तरी वळू नका. सगळ्यांनी पुढं बघा.

सर, आहात का?