पैसे दिले, चित्रं ठेवून गेले

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या कलादालन समितीचे प्रमुख माननीय व्यंकटराव साहेब, व्यासपीठावरचे सर्व मान्यवर, ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या आपल्या शिल्पाताई, आणि या उकाड्यातही दाटीवाटीनं बसलेल्या लातूरकर बंधू-भगिनींनो,

मी गुरुपादप्पा. गंजगोलाईत माझं फ्रेमचं दुकान आहे. भाषणाची सवय मला नाही. लातुरातले निम्मे स्वर्गवासी माझ्याच काचेमागं आहेत आणि त्यांतला एकही आजवर तक्रार घेऊन आला नाही. तेव्हा एकदम एवढी जिवंत माणसं समोर बघून घाम फुटला, तर समजून घ्या.

शिल्पाताईंनी हे कलादालन पाच वर्षं सांभाळलं. आता त्या नांदेडला निघाल्यात. पत्रिकेत 'मुदत संपल्यामुळे' असं छापलंय. मुदत वाढवता येते का आणि ती कोण वाढवतं, हा माझा विषय नव्हे. मी आपला काच-लाकडाचा माणूस. माझ्याआधीच्या वक्त्यांनी ताईंच्या कार्याचा गौरव केला, तो योग्यच आहे. मला मात्र दिवाळीनंतरच्या एकाच प्रदर्शनाबद्दल बोलायचं आहे.

चाकूरच्या एका शाळेत कमी ऐकू येणारी लेकरं आहेत. त्यांना कानाची यंत्रं घ्यायची होती. जळकोटच्या महामायानं, ती बघा तिसऱ्या रांगेत बसलीय, आपली अकरा चित्रं त्यासाठी देऊन टाकली. विक्रीतला सगळा पैसा शाळेला. चित्रं कशाची? तिच्या आईच्या, सरजाबाईंच्या घरातल्या पाण्याच्या भांड्यांची. माठ, घागर, रांजण, तांब्या. चित्रं नव्या पद्धतीची, माठ कुठं संपतो आणि भिंत कुठं सुरू होते ते शोधावं लागायचं. फ्रेम करताना मी विचारलं, "पोरी, ह्ये सगळं पान्याचंच का गं?" ती म्हणाली, "अप्पा, आम्ही बौद्ध. आईच्या तरणेपणी आमच्या घरचं पाणी गावात कुणी पीत नव्हतं. तरी ती रोज माठ घासून, भरून दारात ठेवायची. येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी." मी 'बरं' म्हणालो आणि पुढची पट्टी कापायला घेतली.

अकराच्या अकरा चित्रं एका दुपारी विकली गेली. टाळ्या झाल्या, फोटो झाले. आणि प्रदर्शन उठलं तेव्हा अकराच्या अकरा भिंतीवरच! एकानंही नेलं नाही. का हो? तर आपली रीत. देणगी दिली की पावती घ्यावी, बदल्यात वस्तू घेऊ नये. देवळाला घंटा देणारा ती उचलून घरी नेतो का? आम्ही पुण्य करून मोकळे झालो. आम्ही म्हणतोय, कारण त्यांत मीही होतो. तांब्याचं एक लहान चित्र मी घेतलं होतं. म्हणजे पैसे दिले होते, आणि "राहू द्या इथंच" म्हणून निघालो होतो.

दुसऱ्या दिवशी महामाया आली. भिंती बघून म्हणाली, "विकली न्हाईत का?" ताईंनी खरं ते सांगितलं. पोरगी एकेका चित्रापाशी जाऊन आली. मग म्हणाली, "पैशाला इटाळ न्हाई. माझ्या आईचा माठ तेवढा घरात नको, व्हय? मॅडम, ज्याला चित्र न्यायचं न्हाई, त्याचा पैसा परत द्या."

आता आली का पंचाईत! यंत्रांची मागणी नोंदवून झालेली. समितीच्या बैठकीत आवाज चढले. फ्रेमवाला म्हणून मलाही बोलावलं होतं. एका पोरीच्या हट्टापायी लेकरांचं नुकसान करायचं का? मीही तेच म्हणालो, फक्त जरा हळू. ताईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि घरी जाऊन अकरा पत्रं लिहिली. चित्र घरी न्या, नाहीतर पैसे परत न्या. खाली सही एकट्या त्यांची.

आठ जण आले. शिरूर अनंतपाळचे एक गृहस्थ तर जीप करून आले. म्हणाले, "न्यायचं असतंय ह्ये ठावंच न्हवतं आमाला. लई चुकलं बगा." रांजणाचं चित्र मांडीवर घेऊन ते गेले. त्या आठही घरांत खिळे ठोकायला मीच गेलो. दोघांनी पैसे परत नेले. नावं मी घेणार नाही, आणि कृपा करून कुणी व्यासपीठाकडं बघू नये. त्या दोन चित्रांनाही पुढं घरं मिळाली आणि लेकरांना यंत्रं मिळाली.

आठ आणि दोन, दहा. अकरावा मी.

पत्र आल्यावर मी चित्र उचललं, पण घरी नेलं नाही; चार महिने ते दुकानाच्या फळीवर, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. ताईंनी विचारलं की म्हणायचो, "आमच्या घरी बायकोला चालंल का न्हाई, बघावं लागंल." आज सकाळी आमच्या महादेवीनं विचारलं, "भाषणात काय बोलनार हाव?" मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग आपलं चित्र कुठं हाय?" म्हणालो, "दुकानात. म्हटलं तुला चालंल का न्हाई." ती म्हणाली, "मला इचारलं कवा तुमी?" खरंच, कधीच विचारलं नव्हतं. भीती माझी होती आणि मी ती तिच्या नावावर खपवत होतो. इथं यायच्या आधी चित्र घरी बैठकीच्या खोलीत लावून आलोय.

शिल्पाताई, तुम्ही त्या पोरीचं ऐकलंत आणि त्याची किंमत मोजलीत, असं मला वाटतं. माझं वाटणं चुकीचं असेल तर आनंदच आहे. नांदेडकर नशीबवान आहेत. आम्हाला तुमची लई आठवण येणार.

अध्यक्ष महाराजांनी मला बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, मी सर्वांचा ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभेनं ते पोटात घालावं. एक चूक मात्र सभेनं माफ करण्यातली नाही. महामाया, ती माफी तुझ्याकडं आणि तुझ्या आईकडं मागायची आहे. माझ्या घरी येऊन भिंत बघ, असं मी म्हणणार नाही. मला जळकोटला तुमच्या दारात येऊन त्या माठातलं पाणी मागायचंय. सरजाबाई देतील का, तेवढं विचारून सांग.