तीन नावांचं पाणी

हॅलो?… हॅलो, कोण?… हां, इंदूच बोलतेय. रविवारी दुपारी या घरात दुसरं कोण असणार? सलाम, सलाम. बोल कीर्ती.

हो, आत्ताच आले चर्चमधून. साडीसुद्धा सोडली नाही अजून… जेवेन गं. तू सांग, प्रीती पोचली का? केळवणाला काय केलंस माझ्या लेकीच्या?

काय?… पुरणपोळी?… अगं, ती पुरणपोळीला हात लावत नाही. सख्खी मावशी तू, तुला माहीत नाही?… आवडीनं खाल्ली? प्रीतीनं? बरं.

पत्रिका? नाही वाटल्या. एकही नाही… टीव्हीवर पडल्यात, गठ्ठा सोडलासुद्धा नाही… हो, तीन आठवडे राहिले. कॅलेंडर माझ्याकडेही आहे.

अगं ऐक ना… ऐक तर. त्या पत्रिकेवर वरची ओळच नाही… कुठली म्हणजे? आपल्या पत्रिकेवर सगळ्यात वर काय असतं? माझ्या होतं, तुझ्या होतं. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने. कच्च्या कागदावर मी माझ्या हातानं लिहून दिलं होतं. आणि छापून काय आलं? नुसतं ‘प्रभू येशूच्या नावाने’. बस.

…जागा कमी पडली? खाली ‘आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं’ म्हणून चार पोरांची नावं मावतात, आणि देवालाच जागा नाही?

मलाही आधी तेच वाटलं, छापखानेवाल्यानं घोळ घातला. म्हणून काल रिक्षा करून गेले उल्हासनगरला, कॅम्प एकला… एकटीच. कुणाला नेणार? त्या सिंधी शेटला चांगला झापला. त्यानं ऐकून घेतलं सगळं, बिचाऱ्यानं, आणि खणातून कागद काढून माझ्यापुढे धरला. ‘बहेनजी, मेरेको जो दिया वोही छापा. ये देखो, काटके दिया है.’ कीर्ती, माझ्या अक्षरावर लाल पेनानं रेघ. सरळ, पट्टी लावून मारलेली. आणि बाजूला हिरामण उजागरेंची सही.

हो, तेच. आमचे होणारे व्याही. तुझ्या बदलापूरचे, तुझ्याच बिल्डिंगमधले, तू आणलेलं स्थळ.

…चुकून? पट्टी लावून चुकतं का कुणी?

मग मी मागचं एकेक आठवायला बसले. साखरपुड्याला आपल्या लोकांनी शेवटी पित्याला, पुत्राला, पवित्र आत्म्याला गौरव म्हटलं, तेव्हा हिरामणरावांचे ओठ बंद. घट्ट… हो, डोळे उघडे होते माझे. प्रार्थनेत डोळे मिटावेत हे मला नको शिकवू, वीस वर्षं संडे स्कूल घेतेय मी. पण मुलीच्या आईनं डोळे मिटले की झालंच कल्याण.

आणि मला तेव्हा काय सांगितलं माहितीये? ‘इंदुबाई, मी घरात बाप, कंपनीत फोरमन, आणि माझ्या आईचा मुलगा. माणूस एकच ना? तसाच देव. एकच येशू, कामाप्रमाणे नावं बदलतात.’ मी पण मान हलवली. हातात चहाचा कप होता, काय करणार? घरी येऊन झोपायला टेकले तर डोक्यात किडा. तसाच कसा? येशू यार्देनेच्या पाण्यात उभा आहे. वरून बाप बोलतोय, हा माझा पुत्र. आणि मधून आत्मा कबुतरासारखा खाली येतोय. तिघं एकाच वेळी, एकाच ठिकाणी. हिरामणराव उल्हास नदीत उभे राहून वरून स्वतःलाच शाबासकी देतात का?… हसू नको. आणि क्रुसावर जायच्या आदल्या रात्री बागेत घाम गाळत येशू कुणाशी बोलत होता? तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, हे कुणाला म्हणाला? स्वतःलाच?

…एकच गं! मी कुठं तीन देव म्हणते? देव एकच. पण एकटा नाही. पोरांना मी एवढंच सांगते. पुढचं मलाही कळत नाही. पवित्र शास्त्रात पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तिघं दिसतात, आणि एकच आहे असंही लिहिलंय. आता माझ्या डोक्यात मावत नाही म्हणून मी रेघ मारू का त्याच्यावर?

…हो, पेत्र म्हणाला, येशूच्या नावाने बाप्तिस्मा घ्या. आहे तसं. प्रेषितांच्या कृत्यांत आहे, मी नाही म्हणत नाही. पण खुद्द येशूनं जाताना काय सांगितलं? मत्तय उघड, अगदी शेवटच्या ओळी बघ. तिथं तिघांचं नाव…

थांब. थांब जरा.

कीर्ती, तुला पेत्राचं कधीपासून पाठ झालं? प्रार्थना सांगायची वेळ आली की स्वयंपाकघरात पळणारी तू… कुणी पढवलंय तुला? शेजारी कोण बसलंय तुझ्या?

…कुणी नाही? मग कुजबुज कसली?… टीव्ही. बरं. आणि मघापासून ही घरघर कसली येतेय?… मिक्सर? दहा मिनिटं मिक्सर? काय वाटतेस, दगड? अगं, पाण्याची मोटार आहे ती, अंबरनाथला बसून कळतंय मला. तुमच्याकडे दुपारी पाणी येत नाही… आणि हे काय आता? कोंबडा? तिसऱ्या मजल्यावर कोंबडा?

कीर्ती, कुठं आहेस तू? आपल्यात शपथ घालत नाहीत म्हणून घालत नाही. खरं बोल.

…वांगणी.

…कुणाचं फार्महाऊस?… त्यांच्या फेलोशिपचं, त्या प्रार्थनेच्या मंडळीचं. हं. आणि मोटार टाकी भरतेय… किती खोल?… छातीपर्यंत.

म्हणून प्रीतीच्या पिशवीत टॉवेल. सकाळी बघितला मी. टॉवेल आणि दुसरा ड्रेस. केळवणाला टॉवेल कशाला गं, विचारलं, तर म्हणे मावशीकडचे टॉवेल कधी वाळलेले नसतात. मी हसलेसुद्धा.

किती वाजता बुडवणार?… तीन. आणि नाही घेतला बाप्तिस्मा तर?… लग्न नाही. असं तोंडावर म्हणाले? तिघांच्या नावानं झालेला बाप्तिस्मा बाप्तिस्माच नव्हे, एकट्या येशूच्या नावानं पुन्हा घ्या, तरच सून?… आणि हे तुला कधीपासून माहीत?… महिना! महिनाभर माझ्याकडे येऊन चहा पिऊन जातेस, साड्या बघतेस, आणि…

…मान्य. अठ्ठावीस वर्षांची झाली, मान्य. दोन स्थळं मोडली, मान्य. संतोष सोन्यासारखा मुलगा आहे, तेही मान्य, त्याच्यावर मी कधीच संशय घेतला नाही. पण पुन्हा घ्यायचा म्हणजे काय, कळतंय का तुला? म्हणजे पहिला झालाच नाही.

तू होतीस की तेव्हा दवाखान्यात. एकोणऐंशी साल. सातव्या महिन्यात झालेली पोर, सव्वा किलोची. डॉक्टर म्हणाले, आशा धरू नका. चर्चचे पाळकसाहेब नगरला गेलेले. मग ह्यांनी नर्सकडून चमचा मागून घेतला. चहाचा चमचा. पेलाभर पाणी त्या एवढ्याशा डोक्याला कुठं सोसणार? पित्याच्या… एक चमचा. पुत्राच्या… दुसरा चमचा, अर्धा माझ्याच अंगावर सांडला. पवित्र आत्म्याच्या… आणि ती रडली. तोपर्यंत हूं की चूं केलं नव्हतं तिनं. आठवतं ना?… मग पाळकसाहेब आले, त्यांनी नव्यानं पाणी घातलं नाही. म्हणाले, झालेलं आहे. रजिस्टरमध्ये तसंच लिहिलं, बाप्तिस्मा देणारा, वडील.

हे जाऊन सहा वर्षं झाली, कीर्ती. आणि आता हिरामणराव सांगणार, ते काहीच नव्हतं?

दे तिला फोन… रडतेय तर रडू दे, मी काय इथं गाणी म्हणतेय? दे.

हॅलो… प्रीती?… आधी नाक पूस. एक अक्षर कळत नाहीये… हं… हं…

फोन तू करायला लावलास?… आईला सांगितल्याशिवाय पाण्यात उतरणार नाही म्हणालीस? आणि ही बया पत्रिकांपासून सुरू झाली!

…नाही रागावले. म्हणजे, रागावलेय. खोटं बोललीस म्हणून तुझ्यावर पण थोडी. ते नंतर बघू.

मला एक सांग. पप्पांनी केलं ते खोटं होतं, असं वाटतं तुला?… मग?… ‘नुसतं पाणीच तर आहे’ असं नको बोलू. नुसतं पाणी असतं तर त्यांनी एवढा हट्ट धरला असता का? त्यांना ठाऊक आहे ते नुसतं पाणी नाही. तेवढं त्यांचं माझं जुळतं.

संतोषला सांगितलंस, चमच्याचं?… मग?… वडिलांपुढे तोंड उघडत नाही. वाटलंच… काय? रडला? खरंच रडला की तू मला समजावतेस?… बरं. मग आत काहीतरी आहे त्याच्या.

करायचंय तुला लग्न त्याच्याशी?… मान हलवू नको, फोन आहे हा… मोठ्यानं… बरं. ऐकलं.

…नाही. मी ‘नको’ म्हणणार नाही. मी म्हटलं आणि तू ऐकलंस, तर घरी येशील, चहा करशील, सगळं नीट करशील, आणि माझ्याकडे बघणार नाहीस. मला नाही चालायचं ते.

पण मी येतेय… हो, तिथंच, वांगणीला. दोन वीसची कर्जत लोकल आहे, मिळते मला. तोवर टाकीत पाय घालायचा नाही. विचारलं तर सांग, आई येतेय, आईशिवाय कसं होईल? एवढं तर ते ऐकतील… आणि नाही ऐकलं तर टाकीच्या कडेला बसून राहा.

…भांडायला नाही गं बाई. हिरामणरावांना एक वावगा शब्द बोलणार नाही. तू उतर पाण्यात. त्यांना घेऊ दे येशूचं नाव. मलाही जिवापाड प्रिय आहे ते, त्याच्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती. राहिलेली दोन मी काठावरून घेईन. मोठ्यानं.

…हो, काढतील ना मला बाहेर. दंडाला धरून काढतील. काढू देत. तोवर माझी घेऊन झालेली असतील.

ठेव आता.