भज्यांचा पंखा आणि आईचा सा

...नाही, आवाजाचं सांगतेच, पण आधी ते जे ठिबकतं ना, त्याचं ऐका! खालच्या भज्यांच्या हॉटेलचा धुराचा पाइप आमच्या बाल्कनीला खेटून वर गेलाय, आणि त्याच्या सांध्यातून एक तपकिरी, कोमट, काकवीसारखा दाट थेंब... टप्प! माझ्या पांढऱ्या कुर्त्यावर! तेल म्हणावं तर तेल नाही, काजळी म्हणावी तर काजळी नाही, आजवर तळलेल्या समस्त मिरची-भज्यांचा अर्क आहे तो! किळस येते हो मला, किळस!

आणि हा अर्क वर ढकलणारा तो पंखा! हॉटेलच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत बसवलेला. सुरू झाला की घर्रर्रऽऽ... खडखड... घर्रर्रऽऽ! आता गंगापूर रोडवर राहायचं म्हणजे आवाज काही नवा नाही, पण हा कानातून येतच नाही, तळपायातून येतो! मांडणीतल्या वाट्या वाजतात. देवघरातला बाळकृष्ण सकाळी आपल्या जागी असतो, संध्याकाळी बघावं तर अन्नपूर्णेच्या पायाशी!

आणि मी कोण? तर स्वीडनहून ध्वनिशास्त्र शिकून आलेली! हसू नका. मी विमानातच ठरवलं होतं, नाशिक शांत करायचं. अख्खं नाशिक! सुरुवात घरापासून, कारण घरात आईचा गाण्याचा क्लास. बाबा गेल्यावर आई उभी राहिली ती त्या क्लासवर. आणि शिष्य गळायला लागले हो! सविताताई तर तोंडावर म्हणाल्या, "बाई, तानपुऱ्याऐवजी भजीच ऐकू येतात, मी आपली घरीच करते रियाज." एके काळी हॉलभर अंथरायची ती सतरंजी आई आता अर्धी दुमडून घालते. ते काही मला बघवेना.

गेले तरातरा खाली. मालक मोतीरामभाऊ गल्ल्यावर. म्हटलं, भाऊ, हा पंखा साफ कधी केला होता?

"काय?"

साफ! पंखा! साफ!

"अहो ताई, दर दसऱ्याला पूजा असते त्याची!"

मी विचारतेय काय, हे सांगतात काय! तेवढ्यात कढईपाशी बसलेल्या नवसाबाई, पेठ तालुक्याकडच्या, भज्यांचा हात असा की विचारू नका, त्या ओरडल्या, कारण त्या पंख्याखाली बसून बसून त्यांना ओरडल्याशिवाय बोलताच येत नाही: "ताईऽऽ, हात नका लावू, लय जुनं हाय त्ये!"

सोमवारी हॉटेल बंद. मी जाळी काढली. आणि तुम्हाला सांगते... आत झेंडू! दसऱ्याची माळ! तिच्याखाली आदल्या दसऱ्याची, तिच्याखाली त्याच्या आदल्या दसऱ्याची, मध्ये आपट्याची पानं, आणि दर शनिवारी बांधलेली लिंबं-मिरच्या, आत ओढली जाऊन काळी ठिक्कर पडलेली, आणि हे सगळं त्या तेलकट चिकट राळेत मुरलेलं! उलथन्याने खरवडलं तर वडी पडावी तसा तुकडा पडला! एका पात्यावर दसरा, दुसरं पातं मोकळं, मग पंखा लंगडणार नाही तर काय? त्यातून भिंतीला नट-बोल्टांनी करकचून आवळलेला, म्हणजे तो लंगडला की आमचं घरही लंगडणार! भक्तीचा आवाज होता हो तो सगळा!

कढत पाणी, सोडा, कोपरापर्यंत हात आत. माझ्या केसांना अजून कांदाभज्यांचा वास येतोय, वास घेऊन बघा... नको? मला तरी कुठे हवाय! आणि मोतीरामभाऊ शेजारी हात जोडून, "ताई, निर्माल्य आहे, गोदावरीत सोडतो." म्हटलं, हे असलं? त्या नदीनं तुमचं काय घोडं मारलंय? पिशवीत भरून घंटागाडीत दिलं मी! मग बोल्टांखाली जाड रबर घातलं, पंखा आणि पाइपच्या मध्ये जाड कापडाचा जोड दिला. पण किळस येते हो मला, किळस!

मंगळवारी संध्याकाळी बटण दाबलं. फुर्रर्र... बस, एवढंच! देव जागच्या जागी! मी धावत वर गेले, आईची सतरंजी पूर्ण उलगडली, सविताताईंना आणि गळालेल्या सगळ्या शिष्यांना फोन करून बोलावलं. आईने तानपुरा छेडला. काय सुंदर हो तो तानपुरा! आई म्हणाली, "लावा सा."

आईचे जुने शिष्य जीवनकाका, त्यांनी लावला. सविताताईंनी लावला. सगळ्यांनी लावला... आणि त्या हॉलमध्ये, तुम्हाला सांगते, जितके गळे तितके सा! एकाची दुसऱ्याशी ओळख नाही! आईचा चेहरा पांढराफटक. अहो, तो पंखा पेटीच्या काळी चारच्या सुरात घरघरायचा! इतकी वर्षं ही मंडळी तानपुऱ्याला नाही, पंख्याला धरून गात होती! जीवनकाका बिचारे घाम पुसत म्हणाले, "बाई, आज पंखा नाही का लावला?"

तेवढ्यात दारात मोतीरामभाऊ. "बाई, वर कोणाचं काही दुखतंय का? नाही म्हणजे... गिऱ्हाईक बशी अर्धी टाकून उठतंय."

आणि खालून नवसाबाई, आता पंख्याचा आवाज नाही तरी तश्शाच, अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशा: "भाऊऽऽ, कोन रडतंय वो? म्हातारी बरी हाय ना?"

सविताताईंनी पर्स उचलली. जीवनकाकांनी चपला शोधल्या. आई माझ्याकडे बघत नव्हती. मोतीरामभाऊंना म्हणाली, इतक्या हळू म्हणाली, "भाऊ, तो पहिल्यासारखा होईल का हो?"

तर आता झेंडूची माळ मीच घालते. एकाच पात्याला. स्वीडनचं शिक्षण आहे, वजन बरोब्बर किती लागतं ते मला कळतं! रबर काढलं, बोल्ट आवळले. दर शनिवारी लिंबू-मिरचीही मीच बांधते. घरी पंख्याशिवाय कुणाचाच सा लागेना, म्हणून सगळे परत आलेत; सतरंजी पूर्ण अंथरलेली असते, सविताताई पुढच्या रांगेत, सगळ्यांचा सा एक, देव फिरतीवर. आज सकाळी बाल्कनीत उभी होते तर... टप्प!

किळस येते हो मला, किळस! म्हणून आता कुर्ते तपकिरीच शिवून घेते.